मतपत्रिका परत मागणाऱ्यांनी आधी १७सी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) मागितला का?

आकडेमोड
काल इथे कोणीतरी ठोकून दिलं: ‘ईव्हीएम मशीन फेका, मतपत्रिका आणा, घोटाळे आपोआप बंद.’ वर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचा दाखला. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गावाने मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने ते रोखलं. गावाला शंका आली तर ती रोखण्यापेक्षा दूर करायला हवी होती, हे खरंच. पण त्यावरून मशीनच खोटं, असं कसं ठरतं?

घोळ होतात ते कुठे, ते बघा. मतदानाच्या ९० मिनिटं आधी किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं. यातलं शेवटचं क्लिअर राहून गेलं की ती ५० मतं कंट्रोल युनिटमध्ये (मशीनचा मतं साठवणारा भाग) तशीच राहतात आणि मोजणीच्या टेबलावर आकडा १७सीशी जुळत नाही. मॉकच्या चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) काढून, मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात सील करायच्या असतात. त्या राहिल्या की चिठ्ठ्या जास्त निघतात. लगेच ‘मतं वाढली’ म्हणून बोंब. हा माणसाचा विसर आहे आणि १७सी हातात असेल तर पाच मिनिटांत सापडतो.

उलट मतपत्रिकेच्या काळात केंद्र ताब्यात घेतलं की शिक्के मारून गठ्ठा पेटीत. मशीन मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं घेत नाही, आणि क्लोज दाबलं की पुढे एकही नाही.

वैनगंगा
केंद्र बळकावण्याचे दिवस कोणालाच नको आहेत. मुद्दा मोजता येण्याचा आहे. २०१९ पासून विधानसभा क्षेत्रामागे फक्त ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. समजा ३०० केंद्रं आहेत आणि १० ठिकाणी गडबड आहे. पाच केंद्रं उचलून त्यात गडबडीचं एक तरी हाती लागण्याची शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास. ३० ठिकाणी गडबड असली तरी ४१ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा सुटणार! याला पडताळणी म्हणायचं?

आकडेमोड
गणित एका मतदारसंघासाठी बरोबर आहे. पण महाराष्ट्रात ५ गुणिले २८८ म्हणजे १४४० केंद्रं मोजली गेली, एकूण एक लाखावर केंद्रांपैकी. राज्यभर एक टक्का मशीन बिघडवली असती तर १४४० मध्ये एकही न सापडणं जवळपास अशक्य. आणि कुठलं मशीन कुठल्या केंद्रावर जाणार हे दोन वेळा सरमिसळ करून ठरतं, दुसऱ्या वेळी उमेदवारांसमोर.

वैनगंगा
राज्यभर कशाला करेल कोणी? अटीतटीच्या चार जागांवर पुरतं. तुमचं उत्तर राज्याचं, निकाल मात्र जागेचा लागतो. फरक कमी असेल तिथे जास्त केंद्रं मोजा, एवढंच मागणं आहे.

बोरीबंदर
चिठ्ठ्या राहू द्या. दिवसभर चाललेल्या मशीनची बॅटरी ९९ टक्के कशी, याचं उत्तर कोणी देत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात काँग्रेसने रीतसर तक्रार केली होती. मोबाइल दहा तास वापरून ९९ टक्के दाखवा!

आकडेमोड
उत्तर दिलेलं आहे, वाचायचं कष्ट घ्या. कंट्रोल युनिटला ७.५ व्होल्टचा अल्कलाइन पॅक असतो. ७.४ ते ८ व्होल्टच्या मध्ये असेपर्यंत पडद्यावर ९९च दिसतं. त्याखाली गेलं की खरी टक्केवारी सुरू होते. ५.८ला बदलण्याची सूचना. मोबाइलशी तुलनाच चूक: इथे मोठा पडदा नाही, नेटवर्क नाही, मत नोंदवण्यापुरतं काम. कागद छापणारं व्हीव्हीपॅट स्वतःच्या २२.५ व्होल्टच्या पॅकवर चालतं.

बोरीबंदर
मग एकाच मतदारसंघात एक मशीन ९९ आणि दुसरं ६० का?

आकडेमोड
एका केंद्रावर ४०० मतं पडतात, दुसऱ्यावर १२००. कुठे एक बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग), कुठे नोटा धरून १६हून जास्त नावं म्हणून दोन किंवा तीन, आणि ती सगळी कंट्रोल युनिटवरच चालतात. मॉक पोल किती लांबला, हेही मोजा.

बोरीबंदर
हे सगळं तक्रारीनंतर का सांगता? ९९ हा आकडा ठरवून गोठवलेला दाखवायचा आणि लोकांनी संशय घेतला की लोकांनाच अडाणी म्हणायचं! संताप त्याचा आहे.

निंबोणी
बोरीबंदर, इथे तुमच्या बाजूने. टक्केवारी काढून टाका, व्होल्टेज दाखवा, आणि मतदान बंद करताना ते १७सीवर लिहा. मोजणीच्या टेबलावर उमेदवाराचा प्रतिनिधी तोच आकडा पडताळेल. एक ओळ वाढेल फॉर्ममध्ये.

आकडेमोड
एक ओळ वाढवायला माझी हरकत नाही. त्याने मतांची संख्या बदलते, असं मात्र म्हणू नका. पॅक बदलला तरी नोंदलेली मतं पुसली जात नाहीत.

निंबोणी
तुम्ही दोघं बॅटरीत अडकलात, आणि खरी चोरी मतदार यादीत होते. मेलेला, गेलेला, दोनदा नोंदलेला माणूस मशीनला कळत नाही. बीएलओकडे (यादीचं काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी) नाव वगळायचा फॉर्म ७ आला तर घरी जाऊन पंचनामा होतो का, की टेबलावरच नाव उडतं? गैरहजर, स्थलांतरित, मृत अशी वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. त्यातलं नाव आलं तर ओळखपत्र तपासून, सही-अंगठा घेऊनच मत द्यायचं. गर्दीत ही यादी टेबलाखाली जाते. तोतयावर हरकत घ्यायला प्रतिनिधीला फक्त दोन रुपये भरावे लागतात, ते किती जणांना ठाऊक आहे? स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावले. तारे लावून नाव यादीतच ठेवलं, ही कसली साफसफाई?

वैनगंगा
तारे निदान केंद्रावर दिसतात. मतदान संपल्यावरचं काय? २०२४च्या विधानसभेला संध्याकाळी ५ला ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५.

आकडेमोड
५चा आकडा तोंडी कळवलेला असतो, आणि ६ला रांगेत असलेल्यांना शेवटून चिठ्ठ्या देऊन मतदान चालू राहतं. खरा आकडा १७सीवर, आणि त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. पक्षांनी त्या गोळा करून बेरीज मांडावी. प्रतिनिधी मतदान संपायच्या आत घरी गेला तर दोष कोणाचा?

वैनगंगा
ज्या अपक्षाकडे तीनशे माणसं नाहीत, त्याने काय करायचं? आयोगानेच सगळे १७सी संकेतस्थळावर टाकावेत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मशीन तपासायची तर सुरुवातीला संचामागे ४०,००० रुपये आणि वर जीएसटी. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ला मेमरी तपासा म्हटलं, आयोगाच्या पहिल्या कार्यपद्धतीत मात्र नुसता मॉक पोल. हा विसर नव्हता, साहेब.

आकडेमोड
तो मॉक पोल पुरेसा नव्हता, हे मान्य करावं लागेल. १७सी टाकण्यालाही माझा विरोध नाही. पण मतपत्रिका? अजूनही नाही.

निंबोणी
मग मतदान केंद्रावरच्या चित्रीकरणाचंही मान्य करा. २०२५च्या सूचनेनुसार निकालाविरुद्ध याचिका नसेल तर ते ४५ दिवसांनी पुसायचं. याचिकेची मुदतही ४५ दिवसच. पुरावा मिळवायचा, वकील गाठायचा, याचिका लिहायची, सगळं त्याच ४५ दिवसांत. आणि डिसेंबर २०२४च्या नियमबदलाने ते चित्रीकरण मागायचा रस्ताही बंद. मुदत निदान वर्षाची हवी.

बोरीबंदर
वर्षाची करा. आणि व्होल्टेजची ओळ विसरू नका.