शहराच्या मालकीची मध्यवस्तीतली जागा – विकून मोकळं व्हावं की भाडेपट्ट्याने द्यावी?

समिती_सदस्य:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वेळ काढून वाचा. शहराच्या अगदी मध्यात महापालिकेची एक जुनी दुमजली इमारत आहे, पुढे ऑफिसं होती, मागे पालिकेच्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आणि भलंमोठं आवार. बरीच वर्षं कुलूप आहे. आता पुनर्विकास करायचं ठरलंय आणि नागरिकांच्या समितीत माझं नाव घेतलंय. पहिल्याच मीटिंगला समोर तयार चित्र ठेवलं, जुनी इमारत पाडून खाली दुकानं वर फ्लॅट, आणि म्हणाले पुढच्या महिन्यात टेंडर काढू, जो जास्त पैसे देईल त्याला जागा विकू. मला हे पटत नाहीये पण मुद्देसूद बोलता येत नाहीये. जागा विकणं बरोबर आहे का? आणि टेंडरच्या आधी आपण काय काय मागायला हवं? ज्यांनी असं काम जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

आराखडा_७:
मी नगररचनेत बरीच वर्षं काम केलंय. तुम्हाला जे खटकतंय ते बरोबरच आहे. विकायची की भाड्याने द्यायची हा प्रश्न नंतरचा, आधी जमिनीत काय आहे ते बघा. तुम्ही वर्कशॉप म्हणालात तिथेच माझे कान टवकारले. जिथे गाड्या दुरुस्त होतात तिथे डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली असू शकते, वर्षानुवर्षं सांडलेलं ऑइल मातीत मुरलेलं असतं, आणि जुन्या शेडचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे, ते असेच फोडून काढता येत नाहीत.

मी एका कामावर होतो तिथे हे काहीच न तपासता जागा दिली, खोदाईच्या तिसऱ्या दिवशी मशीनचं बकेट गंजलेल्या टाकीवर आदळलं, खड्ड्यात काळी चिकट माती आणि रस्त्यापर्यंत डिझेलचा वास. काम बंद. साफसफाईचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलंच नव्हतं, बिल्डरने हात वर केले, पालिकेनेही केले, आणि वर्षभर तो खड्डा पत्रे लावून तसाच पडून होता.

म्हणून टेंडरच्या आधी जागेच्या वापराचा जुना इतिहास, माती आणि भूजलाची तपासणी, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, मालकीची कागदपत्रं आणि जमिनीखालून जाणाऱ्या पाणी, ड्रेनेज, केबलच्या लाइनी, एवढं शहराने स्वतःच्या खर्चाने करून घ्यायचं आणि ते रिपोर्ट टेंडर भरणाऱ्या सगळ्यांना द्यायचे. खर्च वाटतो पण तसा नाही, कारण ज्या गोष्टीची खात्री नाही तिची जोखीम प्रत्येक जण आपल्या ऑफरमधून कापूनच घेतो.

करारवाचक:
विक्रीबद्दल लिहितो. मध्यवस्तीतली जागा एकदा विकली की शहराला परत मिळत नाही, आणि पन्नास वर्षांनी तिथे शाळा, दवाखाना किंवा ट्रान्सपोर्टसाठी जागा लागली तर त्यावेळचा भाव देऊन घ्यावी लागते. लांब मुदतीचा भाडेपट्टा हा चांगला मार्ग आहे. बॉस्टनची क्विन्सी मार्केटची इमारत १८२६ची, पार मोडकळीला आली होती, शहराने ती विकली नाही, ९९ वर्षांच्या लीजवर डेव्हलपरला दिली आणि १९७६मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मात्र मुदत फार कमी ठेवू नका, कर्ज फिटायच्या आत लीज संपणार असेल तर बँक कर्जच देणार नाही. आणि भाडं ठराविक वर्षांनी वाढेल, उत्पन्नातला काही हिस्सा शहराला मिळेल, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

विकायचंच ठरलं तरी फक्त जास्त पैशाच्या ऑफरवर जाऊ नका. हॅम्बुर्गमध्ये बंदराच्या जुन्या जागेवर हाफेनसिटी नावाची नवी वस्ती उभी राहतेय, तिथे निवड करताना प्रस्तावाच्या दर्जाला ७० टक्के आणि किमतीला ३० टक्के वजन देतात. निवडलेल्याच्या नावावर जागा लगेच होत नाही, आधी त्याच्यासाठी ती राखून ठेवतात, तेवढ्या काळात त्याने डिझाइन करायचं, परवानग्या आणायच्या, आणि मगच विक्री होते. यात जागा अडवून बसणारा आपोआप बाजूला पडतो. तुमच्या करारातही अमुक तारखेपर्यंत काम सुरू नाही झालं तर जागा शहराकडे परत, हे कलम हवंच, नाहीतर भाव वाढायची वाट बघत भिजत घोंगडं पडेल.

जुनी_वीट:
ताई/दादा, जे असाल ते, इमारत पाडायचं कोणी ठरवलं? चित्र काढणाऱ्याने? पॅरिसमध्ये ले आल या जुन्या बाजाराचे लोखंडी मंडप १९७१मध्ये पाडायला घेतले, मग कित्येक वर्षं तिथे नुसता खड्डा होता, १९७९मध्ये जमिनीखालचं शॉपिंग सेंटर उघडलं, तेही लोकांना आवडलं नाही आणि शेवटी पुन्हा सगळं बदलून २०१६ला नवीन छत झालं. पाडलेलं मात्र परत येत नाही ना. ऑडिटमध्ये पुढची इमारत धड निघाली तर ती ठेवून मागच्या आवारात नवीन बांधता येतं, हा पर्याय निदान कागदावर तरी मागा.

दुसरं, लोकांचं मत विचारताना 'तुम्हाला काय हवं' असं मोघम विचारू नका, सगळेच बाग आणि पार्किंग म्हणतात. आमच्याकडे अशीच एक जागा होती, तिथे आम्ही वही घेऊन दोन दिवस गेटसमोर उभ्या होतो, सकाळी, दुपारी, रात्री आठनंतर, किती माणसं जातात, किती थांबतात, कुठे सावली शोधतात. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, त्यावरून कळलं की तिथे अजून ऑफिसं नकोत, राहणारी माणसं हवीत, आणि त्यातली काही घरं कमी उत्पन्नवाल्यांना परवडतील अशी. ही अटही टेंडरमध्येच हवी, नंतर विनंती करून काही मिळत नाही. आणि प्लॅनिंगला दोन-तीन वर्षं जाणारच, तोवर आवार उघडा, बाजार भरू दे, मुलं खेळू देत. मात्र माती तपासल्यानंतरच.

समिती_सदस्य:
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटिंगमध्ये माती तपासणीचं बोललो तर उत्तर मिळालं की तिथे टाकी असल्याची कुठेच नोंद नाही.

आराखडा_७:
नोंद नाही म्हणजे टाकी नाही असं नसतं. वर्कशॉपमधला एखादा रिटायर झालेला माणूस शोधा.

समिती_सदस्य:
सापडले एक काका, तिथे फिटर होते. काल आवारात घेऊन गेलो. थेट शेडच्या मागच्या भिंतीकडे गेले, पायाने पालापाचोळा बाजूला केला, खाली फरशीत लोखंडी झाकण. म्हणाले टाक्या दोन होत्या, एकीत वाळू भरून ती बंद केली तेव्हा मी स्वतः होतो, दुसरी रिकामी केल्याचं काही आठवत नाही. फोटो काढलेत, लेखी पत्रासोबत आज देतोय आणि तपासणी होईपर्यंत टेंडर थांबवा असं मागतोय.