व्हिनाइल साइडिंग तडकलंय: पट्टी बदलू की भरून घेऊ?

एडिसनकर
घर न्यू जर्सीत, १९९६ चं बांधकाम, बाहेरून व्हिनाइल साइडिंग, म्हणजे भिंतीवरच्या आडव्या प्लास्टिक पट्ट्या (डबल फोर: एका पट्टीत चार-चार इंचांच्या दोन ओळी). थंडी सरल्यावर उत्तरेच्या भिंतीवर तीन पट्ट्या तडकलेल्या दिसल्या. एकीला जमिनीपासून फूटभरावर क्वार्टरच्या नाण्याएवढं भोक पडलंय. बाकीच्या दोन खिडकीलगत आहेत, त्या टोकापाशी उभ्या चिरल्यात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो अख्खी भिंत बदला. घरच्या घरी जमेल का? रंगही विटलाय, तो कसा जुळवायचा?

सुतारपक्षी
तीन पट्ट्यांसाठी अख्खी भिंत? नको. पण तडा कुठे आहे ते आधी बघा, कारण तिथेच कळतं. खालचं भोक बहुतेक गवत कापायच्या मोअरने उडवलेल्या खड्याचं. थंडीत व्हिनाइल ठिसूळ होतं, तेव्हा जरासा टोलाही पुरतो. खिडकीपाशी उभे तडे म्हणजे मात्र पट्टीला हलायला जागा नाही. १२ फुटी पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात अर्धा इंच तरी लांब-आखूड होते. खिळे घट्ट ठोकले असले की उन्हात ती पोट काढते आणि थंडीत आकसताना चिरते. पट्टी दोन्ही हातांनी धरून आडवी सरकवून बघा. हलायला हवी.

एडिसनकर
जराही हलत नाही. आणि आत्ता पाहिलं, खिडकीच्या जे-चॅनेलमध्ये (पट्टीची टोकं जिच्यात शिरतात ती खिडकीभोवतीची खोबणी) पट्टीच्या टोकांवर आधीच्या मालकाने कॉक (फटी बुजवायचं रबरी सीलंट) भरलंय.

सुतारपक्षी
मग दुसरं कारण शोधायला नको! ते कॉक धारदार सुरीने कापून पूर्ण काढा, नाहीतर नवी पट्टीही तशीच चिरेल. खिडकीतून पाणी येत होतं म्हणून भरलं असेल, तर दोष आतल्या फ्लॅशिंगचा (खिडकीभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या पट्ट्यांचा) आहे, साइडिंगचा नाही. पट्टी निघालीच आहे तर तेही बघून घ्या. पट्टीच्या खालच्या काठाची बारीक भोकं पाणी निघायला असतात, ती कधीच बुजवू नका.

पाना_पक्कड
बदलायची पद्धत. उबदार दिवस निवडा. झिप टूल (पट्टी सोडवायचं आकड्याचं हत्यार, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं) तडकलेल्या पट्टीच्या *वरच्या* पट्टीखाली, टोकाकडून घाला, काठ अडकवून खाली-बाहेर ओढा आणि तसंच सरकवत न्या. ती सुटली की खालच्या पट्टीचे खिळे दिसतात. चपट्या पहारीने काढा. मागचा हाउस रॅप (पाणी अडवणारं आवरण) फाटला असेल तर त्याच्याच टेपने चिकटवा.

नवी पट्टी दोन्ही टोकांना पाव इंच मोकळी राहील अशी कापा. हवा ४० फॅरेनहाइटच्या खाली असेल तर ३/८ इंच. पट्टीवर पट्टी येते तिथे एक इंच चढ. आधी खालचं कुलूप (खालच्या पट्टीत अडकणारा वळवलेला काठ) पूर्ण बसवा, पण पट्टी वर ताणू नका. खिळे गॅल्व्हनाइज्ड, रुंद डोक्याचे, स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडात), १६ इंचांवर, मधून टोकांकडे, आणि पट्टीच्या वरच्या काठावरच्या लांबट *खाचेच्या मध्यावर*. डोकं आणि पट्टीत १/३२ इंच फट ठेवा. नव्वद टक्के लोक इथेच घट्ट ठोकून मोकळे होतात. शेवटी वरची पट्टी झिप टूलनेच परत अडकवा.

जुनी_वीट
रंगासाठी: नवी पट्टी पुढे लावलीत तर ठिगळ उठून दिसेल. एसीच्या युनिटमागची किंवा शेडआडची पट्टी काढून पुढे लावा, नवी तिथे. तुकडा सोबत घेऊन साइडिंग सप्लायच्या दुकानात जा. रंगापेक्षा प्रोफाइल (पट्टीची घडण) आणि कुलपाचा आकार जुळणं महत्त्वाचं, तो जुळला नाही तर पट्टी बसतच नाही. अख्खा बॉक्स साधारण २०० चौरस फुटांचा, म्हणून सुट्या पट्ट्या विचारा.

खालच्या भोकासाठी घाई नसेल तर बदलायचीही गरज नाही. जुन्या तुकड्यातून भोकापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठं ठिगळ कापा, पट्टी कुलपातून सोडवून मागच्या बाजूने पीव्हीसी सिमेंटने चिकटवा. सिमेंट पातळच लावा, ते व्हिनाइल विरघळवतं. समोरून भोक दिसेल, पाणी मात्र आत जाणार नाही.

पाना_पक्कड
ठिगळ ठीक, पण हाउस रॅपलाही भोक पडलंय का ते त्याच वेळी बघा. खडा कधीकधी तिथपर्यंत पोचतो.