गिटारचा पिकअप बदलण्याआधी पॉट बघा

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपवर (तारांचा कंप टिपणारं चुंबक आणि वेटोळं) चर्चा चालू आहे, त्यात 'हाताने वाइंडिंग केलेल्या पिकअपला तोड नाही' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये (एका वेटोळ्याचा पिकअप) बहुतेकदा तारांखाली स्टीलचे पोल, म्हणजे छोटे खांब, आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. महागड्यात अल्निकोच्या (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला चुंबकाचा मिश्रधातू) दांड्या. हा फरक ऐकू येतो, मान्य. पण अल्निको आता स्वस्तातही मिळतं. आणि बुटीकवाले, म्हणजे हाताने महागडे पिकअप बनवणारे छोटे कारागीर, ज्याची नक्कल विकतात, त्या १९५७ च्या आसपासच्या गिब्सन कंपनीच्या पीएएफ हंबकरमध्ये (दोन वेटोळ्यांचा पिकअप) तारेचे वेढे आणि चुंबक नगागणिक वेगळे असायचे. मग नेमकी कुठल्या नगाची नक्कल?

पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या बदलत्या रोधाचा, विषय मात्र चर्चेत कुणीच काढला नाही. माझ्या साध्या गिटारवरचा हंबकर घोगरा वाजायचा. मागची प्लेट उघडली तर आत २५० केचा (किलोओहमचा) व्हॉल्यूम पॉट! तो वरच्या फ्रिक्वेन्सी खातो. सिंगल कॉइलला चालतो, हंबकरला सहसा ५०० के लावतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ५०० केचा आणून सोल्डर केला, पिकअप तोच ठेवला, आणि आवाज मोकळा झाला. शिवाय स्क्रू ड्रायव्हरने पिकअप जरा खालीवर करून बघा, ते तर फुकटच आहे.