अर्थिंग, ग्राउंड, मायनस : तीन शब्द की एकच?

बाबांचा जुना टर्नटेबल दुरुस्त करून आणलाय. अॅम्प्लिफायरला जोडला की रेकॉर्ड ठेवायच्या आधीच स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू होतं. दुकानदार म्हणाला, "अर्थिंग बघा." घरी आलेले वायरमन काका म्हणाले, "अर्थिंग ओके आहे, ग्राउंड लूज असेल." भाऊ म्हणतो स्पीकरच्या काळ्या वायरीला अर्थिंग द्या. मला वाटायचं अर्थ काय आणि ग्राउंड काय, दोन्ही जमीनच. मग हे तिघं एकच सांगताहेत की वेगवेगळं? आणि या आवाजाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

* * *

ताई, मुळात एकच. ब्रिटिश लोक 'अर्थ' म्हणतात, अमेरिकन 'ग्राउंड'. आपण ब्रिटिशांचा शब्द उचलला. शाळेच्या पुस्तकात 'भूसंपर्कन' असतं, पण "भूसंपर्कन केलंय का?" असं कुठल्या साइटवर ऐकलं नाही. तिथे "अर्थ दिलाय का?" असंच विचारतात.

* * *

विजेच्या वायरिंगपुरतं वर लिहिलंय ते बरोबर. ऑडिओत मात्र हे शब्द वेगळे ठेवायलाच हवेत, नाहीतर नुकसान होतं.

अर्थिंग म्हणजे खरोखर मातीत गेलेली तार. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड, लांब पिन तिची. आमच्या गावच्या घरी मागच्या दारी कोळसा-मीठ घातलेला खड्डा आहे, उन्हाळ्यात आजी त्यात रोज तांब्याभर पाणी ओतायची. माती ओली राहिली तर यंत्राच्या धातूच्या बॉडीला आलेला करंट जमिनीत उतरतो. ही तार माणसासाठी आहे, आवाजासाठी नाही. म्हणून घूं घालवायला प्लगची अर्थची पिन कापू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. आवाज जाईलही, पण पुढे आत कुठे फेज बॉडीला टेकला तर शॉक तुम्हाला बसेल.

ग्राउंड म्हणजे सिग्नलचा शून्य. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडायचो ती पिवळी-लाल-पांढरी केबल आठवा: मधल्या पिनेतून सिग्नल, बाहेरच्या कड्यावर ग्राउंड. मातीशी त्याचा थेट संबंध असेलच असं नाही. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओतही ग्राउंड असतोच की.

स्पीकरची काळी वायर या दोन्हींपैकी काहीच नाही, ती मायनस. साध्या, बिनविजेच्या स्पीकरला अर्थिंग लागत नाही. भावाला कृपया थांबवा. काही अॅम्प्लिफायरमध्ये काळ्या टर्मिनलवरसुद्धा सिग्नल असतो. मी वायर वाचवायला दोन्ही स्पीकरना मिळून एकच काळी वायर ओढली होती. चालू केल्या केल्या आउटपुटची आयसी उडाली.

आता तुमचं. टर्नटेबलच्या मागून दोन ऑडिओ केबलींबरोबर एक बारीक, सुटी तार निघते, टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी पट्टी असते. ती अॅम्प्लिफायरच्या मागे 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायची. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे घरातल्या विजेचा ५० हर्ट्झ त्यात सहज मिसळतो आणि सिग्नलबरोबर तोही मोठा होऊन बाहेर येतो.

* * *

काका, ती तार कॅबिनेटच्या मागे लोंबत होती! स्क्रू आवळला आणि घूं जवळजवळ गेलं. अगदी स्पीकरला कान लावला तर थोडं येतं.

* * *

छान. टीव्हीही अॅम्प्लिफायरला जोडला असेल, तर उरलेलं घालवायला टीव्हीची केबल काढून बघा. गच्चीवरून येणारी केबल कधीकधी स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन येते. मग दोन अर्थिंगमध्ये ग्राउंडचा फेरा तयार होतो, 'ग्राउंड लूप' म्हणतात तो. याला कुणी 'भूवलय' सुचवतं, पण मला ते भूगोलातलं वाटतं, 'फेरा' बरा. टीव्ही आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले तरी बऱ्याचदा फरक पडतो.

* * *

आवाजाच्या शब्दाचं राहिलं. साउंडवाले 'हम येतोय' म्हणतात. 'खरखर' म्हणू नका, ती सैल जॅकची किंवा व्हॉल्यूमच्या धूळ बसलेल्या बटणाची, तुटक येते. हा एका सुरात, न थांबता येतो. माझी आई त्याला 'घुमणं' म्हणते, "स्पीकर घुमतोय". दुरुस्तीवाल्याला फोनवर एवढं सांगितलं तरी त्याला कळतं.