बहिणाबाईंच्या रोलसाठी पैठणी चालेल का?

जळगावची आई: पोरीला गॅदरिंगमध्ये बहिणाबाई चौधरी व्हायचंय, दुकानदाराने भाड्याने पैठणी, नथ, हिरव्या बांगड्या, चंद्रकोर असा सेट दिलाय, पण मला ती लग्नातली करवली वाटतेय, काय करू?

केळीवाला रावेर: ताई, ते आधी परत करा. असोद्याची शेतकरीण ती, १८८० चा जन्म, तरुणपणीच विधवा झालेली, मग चंद्रकोर कुठून? साधं सुती लुगडं आणि डोक्यावरून पदर बस. आमची आजी त्याच पदराने घाम पुसायची, त्यातच शेंगा बांधून आणायची पण डोक्यावरून तो कधी ढळला नाही. पोरीला पदर सांभाळता आला ना की अर्धं काम झालं.

धुळ्याचा भाचा: मी शाळेत साने गुरुजी झालेलो, टोपी खादीचीच पाहिजे म्हणे, घरात वडलांची होती ती पार कानावर यायची हाहा

जळगावची आई: भाऊ पटलं. सासूबाईंचं जुनं लुगडं काढलंय, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गोंदण काजळाने काढू का?

केळीवाला रावेर: नको, घामाने पसरतं. हिरवा स्केचपेन घ्या.