पोटाच्या डायलिसिसची नळी फक्त सर्जनच बसवतो असं नाही

‘पोटाच्या डायलिसिसची नळी सर्जनच बसवतो, म्हणून तारखेची वाट बघावीच लागते’ असं एकाने लिहिलंय, ते अर्धंच खरं. (पोटाचं डायलिसिस म्हणजे किडनी काम करत नसेल तेव्हा नळीने पोटात खास पाणी सोडून, ते बदलत रक्त साफ करणं.) आमच्या मामांची इथे सोलापुरात किडनीच्या डॉक्टरांनीच बसवली. पूर्ण भूल नाही, बेंबीखालची जागा बधिर करून, सुई आणि तारेच्या आधाराने. आधी पोट साफ हवं आणि लघवी करून यायची सक्त ताकीद, कारण फुगलेलं आतडं किंवा मूत्राशय सुईच्या वाटेत येऊ शकतं. मात्र पोटाचं जुनं ऑपरेशन किंवा हर्निया असेल तर दुर्बिणीवाला सर्जनच बरा.

नळी बसली की शक्यतो 2 आठवडे जखम भरू देतात. तातडी असेल तर त्याआधीच, झोपवून थोडं थोडं डायलिसिसचं पाणी सोडतात. आणि मे महिन्यात (सोलापूरचा मे!) घामाने ड्रेसिंग सुटतं, तिकडे लक्ष ठेवा.