मशिदीत चहाला जायचं, तर कलेक्टरला का विचारायचं?

इंदोऱ्याचा वकील

गेल्या रविवारी आमच्या वस्तीपासून दोन चौक पुढच्या मशिदीत 'मशीद परिचय' व्हायचा होता. मराठीतलं पत्रक घरोघरी आलं होतं. या, वजू (नमाजआधी हातपाय धुणं) कसा करतात ते बघा, अजानच्या शब्दांचा अर्थ ऐका, चहा घ्या, मनातलं विचारा. माझी नववीतली मुलगी वहीत चार प्रश्न लिहून तयार होती. शुक्रवारी काही मंडळींनी ठाण्यात अर्ज दिला की हे धर्मांतराचं जाळं आहे. ठाण्यातून आयोजकांना फोन गेला, "सध्या राहू द्या." लेखी आदेश नाही, कलम नाही. कार्यक्रम राहिला.

त्यानंतर वस्तीत जे ऐकलं ते मला जास्त लागलं. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणूनच कडक कायदा पाहिजे. कलेक्टरला विचारल्याशिवाय कुणाचा धर्म बदलायलाच नको." हे गृहस्थ माझ्यासारखेच बौद्ध. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माझ्यापुढे रांगेत उभे होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखोंना स्वतः दिली. माझे आजोबा त्यात होते, गिरणीतली पाळी बुडवून आलेले. त्या प्रत्येकाला साठ दिवस आधी अर्ज करावा लागला असता, पोलीस घरी चौकशीला आले असते, 'तुला कुणी आमिष दाखवलं का' असं पाटलासमोर विचारलं असतं, तर किती जण त्या मैदानावर पोचले असते?

त्याच १९५६ सालात, याच नागपुरात नियोगी समितीचा अहवाल छापला गेला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी ही समिती, अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. पुढच्या सगळ्या धर्मांतरविरोधी कायद्यांचे समर्थक त्या अहवालाचा आधार घेत आले. आणि तेच नियोगी त्याच वर्षी बाबासाहेबांसोबत बौद्ध झाले. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही, आणि घ्यायला नकोच होती.

राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. तो मोमीनपुऱ्यातल्या मुसलमानालाही आहे. आपल्या सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, असा कायदा कसा करावा ते सुचवायला. त्यावर आपण नागपूरकरांनी बोललं पाहिजे, म्हणून हा धागा.

महालवाला

वकीलसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही तुलनाच मला पटली नाही. दीक्षाभूमीवर लोक आपल्या पायाने आले. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं, वीस वर्षं विचार केला, सगळ्या जगाला सांगून केलं. घरोघरी पत्रक टाकणं वेगळं.

अन् वेळ पाहा न. २०२५ च्या १७ मार्चच्या रात्री मी महालात होतो. औरंगजेबाच्या कबरीवरून दुपारी निदर्शनं झाली, चादर जाळली, त्यावर कुराणातली आयत होती अशी अफवा उठली, अन् रात्री आमच्या दारासमोर दगड, गाड्या जळून राहिल्या होत्या. एका पोलीस उपायुक्तावर कुऱ्हाडीचा घाव पडला. माझी आई दोन रात्री झोपली नाही. त्यानंतर सात महिन्यांत कोणी म्हणते या, आमचा धर्म समजून घ्या. मनात शंका येते, साहेब. त्यासाठी मला कोणी द्वेष्टा म्हणू नये.

आता कायद्याचं. १९७७ ला स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. हे तुम्ही काहून लिहिलं नाही? गरीब घरात आजारपण असते, कर्ज असते. तिथं कोणी मदत घेऊन जाते अन् सोबत पुस्तक ठेवते. त्याला सरकारने विचारलं तर बिघडते कुठे? आणखी एक. हे दार आत यायला उघडं आहे, बाहेर जायला आहे का? मुसलमान घरातला पोरगा उद्या म्हणाला, मी हे सोडतो, तर त्याचे काय हाल होतात ते मी पाहिलं आहे.

विणकराचा नातू

महालवाले भाऊ, तुमच्या आईची झोप उडाली, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. माझी आईही जागीच होती. संचारबंदीत तिचं औषध आणायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तीनदा परत आलो. त्या दंगलीत जखमी झालेला जो एक जण नंतर दवाखान्यात दगावला, तो आमच्यातला होता.

आणि २४ मार्चला काय झालं? दंगलीतल्या मुख्य आरोपीचं म्हणून जे घर पाडलं ते त्याच्या आईच्या नावावर होतं. १३ नोव्हेंबर २०२४ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय, ऐकून घेतल्याशिवाय घर पाडायचं नाही, आणि माणूस आरोपी आहे म्हणून तर मुळीच नाही. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर एक घर गेलं होतं. नंतर महापालिका आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली की या निकालाची माहितीच नव्हती.

म्हणून माझं मत वकीलसाहेबांपेक्षाही वेगळं आहे. मशीद परिचय वगैरे ठीक आहे, पण आमची पहिली गरज ती नाही. आमचे बापजादे हातमागावर बसले, आता पोरं डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात. २०१४ ला शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण अध्यादेशाने आलं, हायकोर्टाने शिक्षणापुरतं ते रोखलं नाही, तरी सरकारने अध्यादेश संपू दिला. त्यासाठी किती जण रस्त्यावर आले? समाजाचा पैसा, वेळ पत्रकं छापण्यात जावा की वसतिगृहात? मी आयोजकांना तोंडावर हेच सांगतो.

मात्र 'प्रचार' या शब्दाची भीती कशी चिकटवतात तेही सांगतो. २०२० मध्ये म्यानमारच्या आठ जणांवर नागपुरात गुन्हा लागला, की टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला. त्यांना आपली भाषाच येत नव्हती. कुराण वाचत होते, नमाज पढत होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये खंडपीठाने गुन्हा रद्द केला. तोवर त्यांची नावं, 'तबलिगी' म्हणून, गल्लीगल्लीत झाली होती. आणि तबलिगवाले तर मुसलमानालाच नमाजला बोलावतात, दुसऱ्याच्या दारी जातही नाहीत. एवढाही फरक कुणी केला नाही.

इंदोऱ्याचा वकील

महालवाले दादा, स्टॅनिस्लॉस मी टाळायला नको होता. मान्य. तो निकाल आजही कायम आहे. पण तो सांगतो ते एवढंच की मला दुसऱ्याला *बदलवण्याचा* हक्क नाही. ते कायदे, १९६७ चा ओरिसाचा आणि १९६८ चा मध्य प्रदेशचा, बळजबरी, फसवणूक, आमिष यांच्यावर होते. मी स्वतः विचार करून बदलतो, तो सद्सद्विवेकबुद्धीचा हक्क त्याच कलम २५ मध्ये प्रसाराच्या आधी लिहिलेला आहे. २०१८ ला, धर्म बदलून लग्न केलेल्या हादियाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सज्ञान मुलीचा धर्म आणि नवरा ही तिची निवड आहे, त्यात ना बापाने पडायचं ना कोर्टाने, असं स्पष्ट केलं. हिमाचल हायकोर्टाने तर २०१२ मध्येच आधी नोटीस देण्याची अट घटनाबाह्य ठरवली.

आमिषाबद्दल माझ्या घरचं सांगतो. बौद्ध झाल्यावर केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० उजाडलं. माझ्या वडिलांनी बौद्ध असूनही फॉर्मवर 'हिंदू महार' लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांचा हात कसा अडत असे ते आई सांगायची. शीख, बौद्ध यांना ते दार उघडलं. मुसलमान किंवा ख्रिस्ती होणाऱ्या दलितासाठी ते दार, अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, आजही बंद आहे. म्हणजे धर्म बदलला तर सवलत जाते. आमिषाची इतकी चर्चा करणाऱ्यांनी या दंडाचाही विचार करावा.

वक्फचा, म्हणजे मुसलमानांनी धर्मादाय ठेवलेल्या मालमत्तेचा, नवा कायदा घ्या. पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याचं दाखवता आलं तरच वक्फ करता येईल, अशी अट त्यात घातली होती. २०२५ च्या १५ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने, नियम होईपर्यंत, तिला स्थगिती दिली. माणूस किती वर्षं कोणता धर्म पाळतो हे मोजायला सरकारी माणूस कोणती फूटपट्टी आणणार होता?

खवासापारचा

मी मूळचा सिवनीचा, नोकरी नागपुरात. थोडंच लिहितो. खवासाची हद्द ओलांडली की दुसरा कायदा लागतो हे इथल्या लोकांना माहीत नसतं. मध्य प्रदेशात २०२१ पासून धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने त्या कलमाखाली सज्ञान माणसांवर कारवाई करू नका असं अंतरिम सांगितलं, तरी लोकांच्या मनातली धास्ती गेली नाही. जन्माच्या वेळी वडिलांचा जो धर्म होता त्यात परत येणं मात्र त्या कायद्यात धर्मांतर धरतच नाहीत. एकाच रस्त्यावर जाणाऱ्याला नाका आणि परत येणाऱ्याला मोकळीक. महालवाले म्हणतात ते एकतर्फी दार असंही असतं.

जाफरनगरची शिक्षिका

सगळं वाचलं. सगळे पुरुष आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते.

महालवाले दादांचा शेवटचा प्रश्न कुणी उचललाच नाही. वकीलसाहेब, तुम्हीही तो वळसा घालून गेलात. माझ्या मामेबहिणीने हिंदू मुलाशी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलं. तिचा धर्म तिने सोडलेलाही नाही. तरी मामांच्या मय्यतला तिला चेहरा बघू दिला नाही. ज्यांनी अडवलं ते दुसऱ्या शहरात जाऊन 'इस्लाममध्ये जबरदस्ती नाही' यावर भाषण देतात. आयत खरी आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे. म्हणूनच मला राग येतो.

आणि मशीद परिचय. पत्रकावर 'भगिनींनाही आग्रहाचं निमंत्रण' होतं. कुठल्या भगिनी? शेजारच्या हिंदू, बौद्ध बायका मुख्य दालनात येऊन बसणार, त्यांचे फोटो निघणार. मी त्याच मोहल्ल्यात चाळीस वर्षं राहते, मला तिथे जुम्म्याच्या, शुक्रवारच्या नमाजला जागा नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात लिहून दिलं आहे की बाईला मशिदीत नमाजला मनाई नाही. तो कागद नागपूरच्या किती मशिदींत पोचला? १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या, तोंडी तलाक बंद करा म्हणून. त्यांनाही सांगितलं गेलं की ही वेळ नाही, बाहेरून हल्ले होताहेत. आजही तेच ऐकते. २०२४ च्या १० जुलैला सुप्रीम कोर्टाने घटस्फोटित मुसलमान बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी मिळते हे पुन्हा सांगितलं, तर माझ्या शाळेतल्या एका आईला ते मला जाऊन समजवावं लागलं. खुतब्यात, जुम्म्याच्या प्रवचनात, कुणी सांगितलं नाही.

पण दादा, म्हणून तुमचा कायदा मला हवा आहे असं समजू नका. मध्य प्रदेशच्या कायद्यात तक्रार कोण करू शकतो ते वाचा : आई-बाप, भाऊ-बहीण. उत्तर प्रदेशात २०२४ पासून कुणीही. माझ्या मामेबहिणीला ज्यांनी अडवलं त्यांच्याच हातात तुम्ही लेखी काठी देता आहात. मुलगी तुमच्या घरातली असो की आमच्या, मार तिलाच बसतो.

महालवाला

ताई, तुम्ही लिहिलं ते मी दोनदा वाचलं. तक्रार भावालाही करता येते हे माहीत नव्हतं. माझीही बहीण आहे.

तरी मी पूर्ण हटणार नाही. परवानगी नको, ठीक. पण नोंद तरी असावी न? जमिनीची आहे, लग्नाची आहे. नोंद असली तर उद्या कोणी 'फसवलं' म्हणाला तर खरंखोटं कळेल. गरीब माणूस फसतो हे खोटं नाही, मी माझ्या गल्लीत पाहिलं आहे. फसवणाऱ्याला शिक्षा हवीच.

इंदोऱ्याचा वकील

ताई, तुमचं बोलणं बरोबर आहे, मी तो प्रश्न टाळला. भीती वाटली की कबूल केलं तर माझा मुद्दा ढिला पडेल. उलट बाहेर जाण्याचा हक्क आणि आत येण्याचा हक्क हा एकच हक्क आहे, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दादा, नोंद आजही होते. आपल्या राज्यपत्रात नाव आणि धर्म बदलल्याच्या जाहिराती छापतात. पण त्या बदलल्यानंतर, ज्याला द्यायची त्याने दिलेल्या. आधी अर्ज घेऊन, तो नोटीसबोर्डावर लावून, हरकती मागवणं ही नोंद नव्हे, ती अडवणूक. त्या साठ दिवसांत मुलीच्या घरी काय होतं ते ताईंनी सांगितलंच. फसवणूक, धमकी यांना शिक्षा आजच्या फौजदारी कायद्यातही आहे. तुमच्या गल्लीतलं प्रकरण खरं असेल तर अर्ज मी लिहून देतो, फी घेणार नाही.

महालवाला

तो अर्ज घेऊन मी येतो तुमच्याकडे. अन् मशिदीचा कार्यक्रम पुन्हा ठेवला तर तिथंही येतो. पण एक सांगून ठेवा, मी चहा पिऊन फोटो काढायला येणार नाही. धर्म सोडणाऱ्याचं तुम्ही काय करता, हे सगळ्यांसमोर विचारीन.

विणकराचा नातू

या भाऊ, मीच माइक देतो. वकीलसाहेबांनी मसुदा केला आहे, कार्यक्रम कोणत्या कलमाखाली थांबवला ते ठाण्याने लेखी द्यावं म्हणून. उद्या नेऊन देतो.

जाफरनगरची शिक्षिका

नेताना आयोजकांनाही एक निरोप द्या. त्या दिवशी मी आणि माझ्या तीन मैत्रिणी मुख्य दालनात बसणार आहोत, मागच्या खोलीत पडद्याआड नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर अस्रची, दुपारनंतरची नमाज तिथेच पढणार.

विणकराचा नातू

सांगतो, आपा. खरं बोलायचं तर ठाण्यापेक्षा हा निरोप न्यायला मला जास्त जड जाईल. काय उत्तर येतं ते इथेच लिहितो.